विवाहपूर्व करारनामा : सही करावी की करू नये?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी सकाळी आमची भाची न कळवता घरी आली. नाशिकला एका रुग्णालयात ती परिचारिका आहे. साखरपुडा होऊन महिना झाला होता, म्हणून पत्रिकेचा मजकूर दाखवायला आली असेल असे आम्हांस वाटले. तिने पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल काढली आणि म्हणाली, "मामा, हे वाचा. सही करू की नको, एवढेच सांगा."

फाईलमध्ये दोन पानांचा टंकलिखित मसुदा होता. मथळा 'विवाहपूर्व करारनामा'. मुलगा पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, आपल्याच समाजातला, बोलायला नम्र. त्याच्याकडून हा मसुदा आला होता. पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर उतरवून नोटरीचा शिक्का घ्यायचा, असे ठरले होते.

आम्ही मसुदा पुरता वाचण्याआधीच ताडकन बोललो, "लग्न म्हणजे काय भाड्याची खोली आहे, करार करायला?" ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुम्ही बँकेत सहीशिवाय शंभर रुपये तरी देता का?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. चहा झाल्यावर आम्ही चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो.

हा लेख त्या वाचनातून झाला आहे. आम्ही वकील नाही, कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून आहोत. परंतु इतकी वर्षे खिडकीमागे बसून नवरा-बायकोच्या पैशाचे पुढे काय होते ते जवळून पाहिले आहे. कायद्याचा भाग आम्ही परिचित वकिलांकडून तपासून घेतला. संस्थेच्या सभासदांच्या घरी मुलेमुली लग्नाच्या वयाची आहेत, आणि हा कागद आता शहरातून आपल्याही वस्त्यांत येऊ लागला आहे. म्हणून हा प्रपंच.

ही भीती आली कोठून?

प्रथम आम्ही त्या मुलाला फोन केला. करार हवासा का वाटला, असे सरळ विचारले. तो म्हणाला, "मामा, माझा एक मित्र अमेरिकेत कॅलिफोर्नियात असतो. तिकडे घटस्फोट झाला की अर्धी मालमत्ता बायकोला जाते. माझ्या फ्लॅटमध्ये वडिलांच्या निवृत्तीचे बारा लाख आहेत. ते एस.टी.तून रिटायर झाले. उद्या काही झाले तर ते दोघे रस्त्यावर येतील."

मुलगा लबाड नव्हता, घाबरलेला होता. ही भीती कोणत्या कायद्यातून आली हे समजले तर निम्मे काम होते, म्हणून थोडा विस्तार करतो.

कॅलिफोर्नियात लग्नानंतर दोघांनी जे कमावले ते दोघांचे निम्मे-निम्मे, असा नियम आहे. ज्यांना तो नको असतो ते लग्नाआधी करार करतात आणि तेथील कायदा तो मानतो. पण तोही आंधळेपणाने नव्हे. कराराचा अंतिम मसुदा हाती पडल्यापासून सही करेपर्यंत किमान सात दिवस जावे लागतात. दोघांनी आपली मालमत्ता आणि कर्ज एकमेकांना उघड करून दाखवावे लागते. ज्याच्या विरोधात करार वापरायचा त्याला स्वतंत्र वकील असावा लागतो, किंवा तो नको असल्याचे त्याने वेगळे लिहून द्यावे लागते. ही अट वाचून आम्हांला त्या लोकांचे कौतुक वाटले. साखरपुड्यानंतर, पत्रिका छापायला गेल्यावर मुलीपुढे कागद ठेवणे आणि सात दिवस आधी ठेवणे यांत फरक आहे.

इतक्या लांब जायचे कारण नाही, असाच कायदा आपल्या शेजारी गोव्यात आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे आणि ती धर्म न पाहता सर्व गोवेकरांना लागू होते. वधूवरांनी लग्नाआधी काहीच ठरवले नाही तर दोघांची मालमत्ता एकत्र होऊन प्रत्येकाचा निम्मा हिस्सा धरला जातो. नवऱ्याला घर विकायचे तर बायकोची संमती लागते. हे नको असेल तर लग्नाआधी रीतसर सार्वजनिक दस्तऐवज करून दुसरी पद्धत निवडता येते. संपूर्ण वेगळी मालमत्ता ठेवावी, की आधीची वेगळी आणि लग्नानंतरची सामाईक धरावी, असे पर्याय तेथे आहेत. लग्न लागल्यावर मात्र हा करार बदलता येत नाही. आयकर खात्यानेही ही पद्धत मान्य करून गोव्याच्या जोडप्यांचे पगाराव्यतिरिक्त उत्पन्न निम्मे-निम्मे धरले. गोव्यात विवाहपूर्व करार म्हणजे पुरता कायदेशीर, रुळलेला कागद आहे. मुस्लिम समाजातही निकाहनाम्यात मेहर व अटी लिहिण्याची रीत जुनी आहे.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात बौद्ध विवाहाला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो, कारण त्याच्या दुसऱ्या कलमातच बौद्ध, जैन व शीख यांचा समावेश आहे. या कायद्यात लग्न झाले म्हणून कोणाची मालमत्ता सामाईक होत नाही. नवऱ्याचे ते नवऱ्याचे, बायकोचे ते बायकोचे. घटस्फोट झाला तर अर्धा फ्लॅट आपोआप बायकोला जातो, ही समजूत निव्वळ चुकीची आहे. न्यायालय दोघांचे उत्पन्न, मालमत्ता, वागणूक पाहून पोटगी ठरवते, आणि ती नवऱ्यालाही मागता येते. जे संरक्षण मिळवण्यासाठी कॅलिफोर्नियातला माणूस वकिलाला पैसे देतो, ते पुण्यातल्या मुलाला लग्नाच्या दिवशी फुकट मिळालेले असते.

हे आम्ही त्या मुलाला सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "मग करारात काय लिहायचे?" म्हटले, "तेच बघू या. पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन या."

कागदातली पाच कलमे

पुढच्या रविवारी ते आले. आमच्या ताईलाही बोलावले होते. बैठकीच्या खोलीत सतरंजीवर सगळे बसलो आणि मसुदा मध्ये ठेवला.

पहिले कलम असे होते की लग्नाआधीची मालमत्ता ज्याची त्याची राहील. याला आमची हरकत नव्हती. कायदा हेच सांगतो. फक्त 'मालमत्ता' एवढा शब्द न लिहिता यादी करावी, एवढे आम्ही सुचवले.

दुसरे कलम : लग्नात मिळालेले दागिने व वस्तू 'कुटुंबाच्या सामाईक' समजल्या जातील. येथे आम्ही थांबलो. वधूला लग्नात, लग्नाआधी वा नंतर मिळालेले दागिने व भेटी हे स्त्रीधन आहे, ती एकटी त्याची मालक. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हे ठामपणे सांगितले, आणि २०२४ साली केरळच्या एका खटल्यात पुन्हा सांगितले. त्या खटल्यात आणलेले सोने नवऱ्याने व सासूने ठेवायला म्हणून घेतले होते आणि ते परत आले नाही. न्यायालयाने पत्नीला २५ लाख रुपये देवविले. अडचणीच्या वेळी नवरा स्त्रीधन वापरू शकतो, पण ते परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते, असे त्यात म्हटले आहे. दुसरे कलम राहिले असते तर भाचीच्या आजीने दिलेली मोहनमाळ लग्नाच्या दिवशीच तिच्या एकटीची राहिली नसती.

या ठिकाणी थोडे विषयांतर करतो, पण ते सभासदांना आवडेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली हिंदू संहिता विधेयक प्रवर समितीकडे पाठवताना जी मांडणी केली तिच्यात हुंड्याच्या मालमत्तेचा प्रश्न होता. ती मालमत्ता मुलीसाठी विश्वस्त निधी समजावी आणि अठरा वर्षांची झाल्यावर तिला ती मागता यावी, अशी तरतूद त्यांनी सुचवली होती. विधेयक रेंगाळले, आणि ते १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळातून बाहेर पडले. पुढे १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्यात जवळपास हीच कल्पना सहाव्या कलमात आली : कोणी हुंडा घेतलाच तर तो ठरलेल्या मुदतीत त्या स्त्रीच्या हवाली केला पाहिजे. तेव्हा बाईच्या नावाने काय आहे ते बाईच्या हातात असावे, हा आग्रह आपल्याला नवा नाही. नव्या स्टॅम्प पेपरच्या आडून तो सोडून देण्याचे कारण काय?

तिसऱ्या कलमात लिहिले होते की विभक्त झाल्यास दोघांपैकी कोणीही पोटगी मागणार नाही. मुलाच्या वडिलांना हे कलम सर्वांत महत्त्वाचे वाटत होते आणि हेच कायद्यापुढे सर्वांत लंगडे आहे. १८७२ च्या करार कायद्याचे तेविसावे कलम असे की लोकनीतीच्या विरुद्ध असलेला करार रद्दबातल समजावा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. पत्नीने एकरकमी पैसे घेऊन यापुढे पोटगी मागणार नाही असे न्यायालयात लिहून दिले होते. तरीही तिला पुन्हा मागता आली, कारण असा हक्क सोडून देणे लोकनीतीविरुद्ध ठरले. न्यायालयात, वकिलांसमक्ष लिहून दिलेले जर टिकले नाही, तर सतरंजीवर बसून लिहिलेले कसे टिकणार? मुलांच्या पोटगीचा व ताब्याचा हक्क तर आईबापांना कराराने सोडताच येत नाही, कारण तो मुलांचा असतो.

लग्नाआधीचे करार न्यायालयांनी नाकारल्याची उदाहरणे जुनी आहेत. १९०१ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एका घरजावयाचे प्रकरण आले. बायकोला माहेराहून कधी हलवणार नाही असा करार लग्नापूर्वी झालेला. पुढे जावई घर सोडून गेला आणि बायको आपल्याकडे यावी म्हणून न्यायालयात गेला. न्यायालयाने तो करार मानला नाही. नवल म्हणजे तेथे करार बायकोच्या बाजूचा होता. तेव्हा हा नियम कोणा एका पक्षाच्या सोयीचा आहे असे समजू नये.

पाचवे कलम (चौथ्याकडे मुद्दाम नंतर येतो) असे होते की दोघांपैकी कोणीही पोलिसांत वा न्यायालयात जाणार नाही, वाद वडीलधाऱ्यांसमोर मिटवेल. वडीलधाऱ्यांसमोर बसणे चांगलेच. परंतु न्यायालयाचे दारच बंद करणारा करार त्याच कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने रद्दबातल आहे. आणि नोटरीचा शिक्का म्हणजे कायद्याची मोहोर नव्हे. नोटरी फक्त सही करणारा माणूस तोच आहे हे पाहतो. आपल्या वस्त्यांतून अजूनही स्टॅम्प पेपरवर 'फारकत' लिहून दोघेही मोकळे झालो असे समजतात आणि दुसरे लग्न करतात. रूढीने होणारी फारकत कायद्याने पुरती मोडीत काढलेली नाही हे खरे, पण ती रूढी आपल्यात आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते न जमल्यास दुसरे लग्न अवैध ठरते आणि त्या दुसऱ्या बाईच्या हाती काही राहत नाही. नोटरीच्या कागदावर विसंबलेल्या अशा बायका पेन्शनच्या चौकशीला खिडकीवर आल्या की आमच्या पोटात कालवते.

चौथे कलम, आणि बँकेच्या खिडकीतून दिसणारे

चौथे कलम वाचायला सगळ्यांत गोड होते. दोघांचा पगार संयुक्त खात्यात जमा होईल, घरखर्च व फ्लॅटचा हप्ता त्यातून जाईल. भाचीला ते फार आवडले होते. "यात तरी आम्ही दोघे बरोबरीचे आहोत ना?" असे तिने विचारले.

आम्ही कागदाच्या पाठीमागे आकडे मांडले. मुलाने दोन वर्षांपूर्वी बावन्न लाखांचा फ्लॅट घेतला. बारा लाख वडिलांचे, चाळीस लाख गृहकर्ज, वीस वर्षे मुदतीचे. हप्ता महिना सुमारे ३४,७०० रुपये. खरेदीखत एकट्या मुलाच्या नावे. आता हप्त्याचा निम्मा भार भाचीच्या पगारातून गेला तर महिना १७,३५० रुपये झाले. दहा वर्षांत २० लाख ८२ हजार. दहा वर्षांनी त्या फ्लॅटच्या कागदावर तिचे नाव किती? शून्य. पहिल्या कलमाने तर तिने स्वतःच लिहून दिलेले असणार की फ्लॅट त्याचा आहे!

खोलीत कोणी बोलेना. मुलाचे वडील म्हणाले, "अहो, असा विचार आम्ही केलाच नव्हता." आमचा त्यांच्यावर विश्वास आहे. असा विचार कोणीच करत नाही. आपल्याकडे मालमत्ता वेगळी हा कायद्याचा नियम नवऱ्याला फुकट संरक्षण देतो असे वर म्हटले. त्याच नियमाची दुसरी बाजू ही. कमावती बायको संसारात पैसा घालते तो पीठ, गॅस, शाळेची फी आणि हप्त्यात विरघळतो. नवऱ्याचा पैसा भिंतीत जातो आणि भिंत सात-बाराला किंवा सोसायटीच्या भागपत्रावर लागते. खटला उभा राहिला की 'मी हप्ता भरला' हे बाईला पासबुकांवरून सिद्ध करत बसावे लागते.

याहून वाईट प्रकार आम्ही पाहतो तो सहकर्जदाराचा. कर्जाची रक्कम वाढावी म्हणून बायकोच्या पगाराची स्लिप जोडतात आणि तिला सहकर्जदार करतात. खरेदीखतात मात्र तिचे नाव नसते. सहकर्जदार म्हणजे साऱ्या कर्जाला जबाबदार. सहमालक म्हणजे घरात हिस्सा. हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि कर्जाच्या फॉर्मवर पंधरा ठिकाणी सह्या करताना ते कोणी वाचत नाही. आमच्या विद्यार्थिनी भगिनींनी आयुष्यात बँकेविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी : सहकर्जदार म्हणून सही करण्याआधी खरेदीखताची प्रत मागून घ्यावी.

संयुक्त खात्याचेही तसेच. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिले की दोघांपैकी कोणीही एकजण सगळी रक्कम काढू शकतो. घरखर्चापुरते असे खाते जरूर असावे. सगळा पगार त्यात ओतण्याची आवश्यकता नसते.

मग त्या दिवशी काय ठरले? फ्लॅटमध्ये भाचीचे नाव घालावे, असा प्रस्ताव ताईने मांडला. मुलाच्या आईला (त्या फोनवर होत्या) ते रुचले नाही, आणि वडिलांचे बारा लाख पाहता आम्हांलाही तो आग्रह त्या क्षणी योग्य वाटला नाही. शेवटी असे ठरले की हप्ता मुलाच्या स्वतःच्या पगारखात्यातून जाईल. घरखर्चाला दोघे ठरावीक रक्कम संयुक्त खात्यात टाकतील. भाची सहकर्जदार होणार नाही. पुढे कधी तिने कर्जात रक्कम भरायची ठरवली, तर आधी बँकेची संमती घेऊन तिच्या नावे हिस्सा बक्षीसपत्राने करायचा. महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नीने एकमेकांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये आहे. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे. ही सवलत पत्नीला आहे, वाग्दत्त वधूला नाही. म्हणून हे काम लग्नानंतरच करायचे असते.

तिचे स्वतःचे कलम

मसुद्यावर बोलणे संपत आले तेव्हा भाचीने आपल्या पर्समधून घडी केलेला वहीचा कागद काढला. "माझेही एक कलम आहे," ती म्हणाली. तिला ३८ हजार पगार मिळतो. भावजी वारल्यापासून ती दरमहा दहा हजार आईला देते, त्यातून धाकट्या भावाची डिप्लोमाची फी जाते. हे पैसे लग्नानंतरही चालू राहतील, एवढेच तिने लिहिले होते.

मुलाचे वडील हसून म्हणाले, "पोरी, हे लिहायची काय गरज? आम्ही कधी अडवू का?"

ती म्हणाली, "बाबा, अडवणार नसाल तर लिहायला काय हरकत?"

हे कलम उद्या कोणी न्यायालयात बजावून घेईल असे नाही. पण कायदा या बाबतीत तिच्या बाजूचा आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले की कमावत्या विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते. माहेरी पैसे देणे ही सासरची मेहेरबानी नव्हे. आमच्या खिडकीवर पगाराच्या दिवशी येऊन आईच्या खात्यात गुपचूप दोन हजार भरणाऱ्या आणि 'एसएमएस घरच्या नंबरवर जाणार नाही ना?' असे विचारणाऱ्या कितीतरी मुली आम्ही पाहिल्या आहेत. त्यांतल्या एकीलाही लग्नाआधी हे एक वाक्य मोठ्याने बोलता आले असते तर बरे झाले असते.

आई-वडिलांच्या बाबतीत करारापेक्षा मृत्युपत्र अधिक उपयोगी, हेही तिला आम्ही समजावले. १९५६ च्या वारसा कायद्याचे पंधरावे कलम वाचून भलेभले चकित होतात. विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिला नवरा वा मूलबाळ मागे नसेल, तर तिच्या कमाईवर आई-वडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ठरवलेल्या एका प्रकरणात लग्नानंतर तीन महिन्यांतच नवरा सर्पदंशाने वारला आणि त्या मुलीला सासरच्यांनी हाकलून दिले. आई-वडिलांनी शिकवले, ती नोकरीला लागली, बँकेत व भविष्य निर्वाह निधीत पैसे साठवले. तिच्या मृत्यूनंतर तो पैसा गेला कोणाला? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कायद्याचे शब्दच तसे असल्याने न्यायालयाने सहानुभूतीने निकाल देता येत नाही असे म्हटले. त्या बाईने साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर चार ओळी लिहिल्या असत्या तर हे टळले असते. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. आणि आपल्यासाठी लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्नामुळे रद्द होत नाही.

नामांकनाची गल्लतही येथेच सांगून टाकतो. बँकेच्या ठेवीला ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले तो मालक होत नाही. तो रक्कम स्वीकारतो आणि वारसांना देणे लागतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चारजणांपर्यंत नामांकन करता येते, म्हणून आई व नवरा दोघांची नावे ठराविक टक्केवारीने लावता येतात. भविष्य निर्वाह निधीत लग्नाआधी केलेले नामांकन लग्नानंतर पुन्हा करावे लागते. हे निम्म्याहून अधिक नोकरदार विसरतात, असा आमचा अनुभव आहे. मुलालाही आम्ही एक गोष्ट सांगितली. लग्नानंतर विमा उतरवताना तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली उतरवावा. त्यासाठी पॉलिसी घेतानाच फॉर्मवर तसे लिहावे लागते. मग ती रक्कम बायकामुलांसाठी विश्वस्त निधी होते आणि नवऱ्याच्या धनकोंना तिच्यावर हात टाकता येत नाही.

सहीचा प्रश्न

भाचीने विचारलेला प्रश्न अजून शिल्लकच होता. आमचे उत्तर असे होते : या मसुद्यावर करू नकोस, पण सही टाळूही नकोस.

पोटगी घटस्फोटाच्या दाव्यांत आता दोन्ही पक्षांना आपली मिळकत, खर्च, कर्ज, ठेवी, अवलंबून असलेली माणसे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्याचा नमुनाच घालून दिला आहे. संसार मोडल्यावर जे शपथेवर सांगावे लागते, ते संसार मांडण्याआधी प्रेमाने का सांगू नये? मुलाने आपले कर्ज, वडिलांचे बारा लाख (हे परत द्यायचे की भेट, तेही), क्रेडिट कार्डाची थकबाकी लिहिली. या शेवटच्या बाबीबद्दल भाचीला तोवर माहिती नव्हती. रक्कम मोठी नव्हती, तरी ती थोडा वेळ बोलली नाही. भाचीने आपला पगार, तीन ठेवी, पतसंस्थेचे एक कर्ज आणि आईचे दहा हजार लिहिले. हा करार नव्हे, माहितीपत्रक आहे. हक्क सोडून देणारे त्यात एकही वाक्य नाही. त्यामुळे रद्दबातल ठरण्यासारखे त्यात काही नाही, आणि उद्या वेळ आलीच तर आपल्या हाताने लिहिलेली ही माहिती पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल.

दुसरा कागद भेटवस्तूंच्या यादीचा. १९८५ चे नियम सांगतात की वधूला मिळालेल्या भेटींची एक आणि वराला मिळालेल्यांची एक, अशा वेगळ्या याद्या कराव्यात. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून दोघांनी सह्या कराव्यात. चाळीस वर्षांचा नियम आहे, पण आमच्या पाहण्यातल्या शंभर लग्नांत तो पाळलेला दिसला नाही. आहेराची वही आपण ठेवतोच. तिच्यात दोन रकाने वाढवले की काम होते.

ज्यांना याहून पुढचा, मोठ्या मालमत्तेचा वा परदेशाचा मामला असेल, त्यांनी दोघांचे वकील वेगळे ठेवावेत. एकच वकील दोघांचा असतो तेव्हा तो पैसे देणाऱ्याचा असतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणा मुलीने अडून राहू नये. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत सल्ला मिळतो. अनुसूचित जातीजमातींच्या पुरुषांनाही तो मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचे कार्यालय असते.

लग्न जानेवारीत झाले. दोन्ही कागदांची एकेक प्रत आमच्या कपाटात आहे. हॉलवरून घरी आल्यावर रात्री यादी तपासताना लक्षात आले की आत्याने दिलेला मिक्सर लिहायचा राहिला. तो खाली पेनाने लिहिला आणि चेकवरच्या खाडाखोडीशेजारी करतात तशा दोघांनी बाजूला छोट्या सह्या केल्या.